प्यायचे पाणी गेले, बांध उरला

नागपुरात अंबाझरीवर फिरायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या मनात येते की आपण ज्या रस्त्यावर चालतो आहोत तो रस्ता नव्हे, धरण आहे. उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला उतार, आणि त्या उताराच्या पुढे गाव. मातीचा बांध नुसता पाहिला तर टेकाडासारखाच दिसतो. त्यावर गवत उगवते, झाडे वाढतात, पायवाट पडते, मक्याचे कणीस विकणारा गाडी लावतो. दगडी भिंत असती तर लोकांनी निदान मान वर करून पाहिले असते. मातीला तो मान मिळत नाही.

तलाव कुणी बांधला, असे विचारले की शंभरातले नव्वद लोक सांगतात, भोसल्यांनी. आणि साल विचारले की सांगतात १८७०. या दोन उत्तरांचे आपसात पटत नाही. तिसरे रघुजी भोसले १८५३च्या डिसेंबरात वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. १८७० साली नागपूर ही इंग्रजांच्या मध्य प्रांताची राजधानी होती. प्रांत १८६१ साली झाला, मुंबईहून येणारा लोहमार्ग १८६७ साली इथवर पोचला, आणि जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी जुम्मा तलावाच्या काठाशी सुरू झाली. तेव्हा भोसल्यांचे नाव आदराने घ्यावे, पण १८७०चे अंबाझरी कशासाठी होते ते कळायचे असेल तर कचेऱ्या, छावण्या, रेल्वे आणि गिरण्या यांची तहान आधी ध्यानात घ्यावी लागते.

त्याआधीचे नागपूर तळी आणि विहिरींवर जगत होते. गोंड राजा बख्त बुलंद शहाने अठराव्या शतकाच्या आरंभी शहर वसवले. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानाने तटबंदी केली आणि जुम्मा तलाव बांधला. आजचा गांधीसागर तो हाच. भोसल्यांच्या काळात तेलंगखेडीसारखे तलाव झाले. पण ही तळी वस्तीच्या पोटात नाहीतर बागांच्या शेजारी होती. लोक तिथेच धुवायचे, तिथेच भरायचे. नळाने पाणी न्यायचे तर ते वस्तीपासून दूर आणि वस्तीपेक्षा उंचावर असायला हवे. नागपूरची जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरते. वाडीजवळच्या लाव्हाच्या टेकड्यांतून निघणारी नाग नदी त्याच उताराने शहरात शिरते. पश्चिमेला, शहराच्या डोक्यावर तिला अडवले की पंप लागत नाही, कोळसा लागत नाही, पाणी आपल्या पायाने खाली येते. अंबाझरीची जागा निवडणाऱ्याला हे नेमके कळले होते. खापराच्या नळांनी हे पाणी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांना आणि बड्या लोकांच्या वाड्यांना जात असे, ही आठवण शहराने अजून जपली आहे.

पण ज्या उंचीमुळे पाणी फुकट खाली येते, त्याच उंचीमुळे ते एखाद्या रात्री न बोलावताही खाली येऊ शकते. शहराच्या डोक्यावर बांधलेल्या प्रत्येक तलावाचा हा व्यवहार आहे. फायदा घेणाऱ्याने राखणही करायची, ही त्यातली अट.

मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होतो आणि माझी उमेदीची वर्षे भंडाऱ्याकडच्या लहान तलावांवर गेली. धरणाचा माणूस म्हटला की लोकांना गोसीखुर्दसारखे मोठे धरण आठवते. माझ्या वाट्याला आले ते मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या पट्ट्यात धानासाठी हजारोंनी तलाव बांधले. त्या भागात बांधाला पाळ म्हणतात आणि पाणी सोडायच्या तोंडाला तुडुम. तलाव मालगुजाराचा, पाणी धानकऱ्यांचे, आणि पाळ सगळ्यांची. मृगाच्या आधी पाळीवर माती पडली नाही तर कुणाचा धान बुडणार हे गावातल्या पोराला ठाऊक असे. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. तलाव सरकारजमा झाले, पुढे त्यांतले पुष्कळसे जिल्हा परिषदांकडे गेले. मालक बदलला ते कागदावर झाले. पाळीवर माती कोण टाकणार, हे मात्र त्या कागदावर कुणी लिहिले नाही.

मातीचे धरण म्हणजे काय, हे मला पुस्तकाने शिकवले आणि एका मैलकुलीने, म्हणजे बांधाची देखभाल करणाऱ्या खात्याच्या मजुराने. पुस्तक डब्ल्यू. एल. स्ट्रेंज यांचे, मातीच्या धरणांवरचे, विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकातले. मुंबई इलाख्यातल्या कामाच्या अनुभवावर लिहिलेले. पावसाच्या किती पाण्यातून तलावात किती येईल, याचे त्यांचे तक्ते आमच्या कचेरीत परवापरवापर्यंत उघडले जात. मातीचे धरण पाणी अडवते म्हणजे पाझर शून्य करते असे नाही. ते पाझराला शिस्त लावते. मधोमध काळ्या चिकण मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचे कवच, पाण्याच्या बाजूला लाटांसाठी दगडांचे पिचिंग, खालच्या बाजूला पायथ्याशी दगडगोट्यांचा निचरा. पाणी गाभ्यातून मुंगीच्या पावलाने येते, पायथ्याशी निचऱ्यातून बाहेर पडते, आणि येताना मातीचा एक कणही आणत नाही. कण आणायला लागले की धरण आतून पोखरले जाऊ लागले असे समजावे.

तो मैलकुली हे सगळे एका वाक्यात सांगायचा. पावसाळ्यात पाळीच्या पायथ्याशी गवत जिथे जरा जास्त हिरवे दिसे, तिथे तो उकिडवा बसे, ओंजळीत पाणी घेई आणि उजेडाकडे धरून पाही. "साहेब, पानी साफ हाये तवरिक भेव नाही. मयलं आलं का मंग झोपू नोका." त्याच्याजवळ उपकरण म्हणून एक काठी होती. काठी मातीत किती सहज जाते, यावरून तो ओल कुठवर चढली ते सांगायचा. घुशीचे बीळ दिसले की तिथे फांदी रोवून ठेवायचा, म्हणजे मला शोधावे लागू नये. उन्हाळ्यात काळी माती आकसते, माथ्यावर हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आमच्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो, तेव्हा हे दर साली ठरलेले. पहिल्या पावसाआधी त्या भेगा उकरून, ओलवून, माती भरून ठोकून घ्यायच्या. हे काम कुठल्याही अंदाजपत्रकात मोठे दिसत नाही. ते न केल्याचा खर्च मात्र दिसतो.

अंबाझरीलाही अशी माणसे होती, कारण ती नसती तर गावाच्या घशाला कोरड पडली असती. वस्ती वाढली, अंबाझरी पुरेनासे झाले. १९११-१२च्या सुमारास उत्तरेला गोरेवाड्याचा तलाव आला, पुढे कन्हान नदीचे पाणी आले, मग पेंचचे. एकेका नव्या योजनेबरोबर अंबाझरीचे पाणी स्वयंपाकघरातून मागे हटत गेले. वर वाडी आणि हिंगण्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली, तिकडचे सांडपाणी तलावात उतरू लागले, जलपर्णी माजली. काठाला उद्यान झाले, नावा आल्या, संध्याकाळची गर्दी आली. यातले वाईट काहीच नाही. शहराला मोकळी हवा हवीच. पण एक गोष्ट गुपचूप घडली. पाणी प्यायचे बंद झाल्यावर बांधाकडे पाहायचेही बंद झाले. नळाला गढूळ पाणी आले तर सकाळी सातला नगरसेवकाच्या दाराशी लोक जमतात. बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी आले तर कोण जमणार?

पाण्याचा उपयोग संपला तरी पाण्याचे वजन संपत नाही. तलाव भरला की बांधावर जोर तेवढाच येतो, मग ते पाणी पिण्याचे असो की नावा चालवायचे.

या दुर्लक्षाचा पुरावा बांधावरच उभा होता. झाडे. अंबाझरीच्या बांधावर झाडांची दाटी झाली आणि फिरणाऱ्यांना ती सावली आवडू लागली. मातीच्या धरणावर झाड नको, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. झाड जिवंत असते तोवर मुळे ओल शोधत गाभ्याकडे जातात. झाड मरते तेव्हा मुळे कुजतात आणि मागे पोकळ नळी राहते. वादळात झाड उन्मळले तर मुळांबरोबर बांधाचा लचका जातो. शिवाय दाट झाडीत ओल दिसत नाही, बीळ दिसत नाही, भेग दिसत नाही. झाडे काढायचा विषय निघाला तेव्हा शहरात नाराजी झाली. ती मला समजते. चाळीस वर्षांचे झाड तोडायला सांगणारा माणूस खलनायकच दिसतो. पण ते झाड रोपटे होते तेव्हा वर्षातून एकदा कोयता फिरला असता तर हा प्रसंगच आला नसता. जुन्या खात्यात बांधावरचे गवत आणि झुडपे कापायचे काम दिवाळीच्या आगेमागे ठरलेले असे.

हिंगणा मार्गावरची मेट्रो बांधाच्या जवळून गेली तेव्हाही बांध किती भक्कम आहे, हा प्रश्न न्यायालयापर्यंत पोचला. त्या निमित्ताने शहराला कळले की बांध महापालिकेचा, धरणाचे ज्ञान जलसंपदा खात्याचे, आणि शेजारचे बांधकाम तिसऱ्याचे. तिघे एकत्र बसायला कारण लागते. पावसाळा हे कारण पुरेसे मानले जात नाही.

दुसरा बदल बांधावर नव्हे, वर पाणलोटात झाला. जादा पाणी वाहून जायचा सांडवा किती रुंद ठेवायचा हे जुने अभियंते पाणलोटाच्या क्षेत्रफळावरून काढत. डिकन्स यांचे सूत्र १८६५चे. क्षेत्रफळाचा पाऊण घात घ्यायचा आणि प्रदेश पाहून ठरवलेल्या एका गुणकाने गुणायचे. सगळी मेख त्या गुणकात. शेत, गवत, मुरमाड माळ असेल तर पाऊस जमिनीत थोडा मुरतो, थोडा थबकतो, मग ओढ्याला लागतो. तिथेच छपरे, डांबर, काँक्रीट आणि फरशी आली की तोच पाऊस तितक्याच क्षेत्रफळावरून फार लवकर आणि फार मोठ्या लोंढ्याने येतो. अंबाझरीच्या वर वाडीचे शहर झाले, कारखाने झाले. तलाव तोच, सांडवा तोच, आभाळही साधारण तेच, पण त्यांच्यामधली जमीन बदलली. लेआऊट मंजूर करणाऱ्या कचेरीत खालच्या सांडव्याचा नकाशा भिंतीवर असतो का, हे मी नोकरीत असताना एका ठिकाणी विचारले होते. तो आमचा विषय नाही, असे उत्तर मिळाले.

मग २३ सप्टेंबर २०२३ उजाडला. आदल्या दिवशी, शुक्रवारी, घराघरात महालक्ष्म्यांचे जेवण झाले होते. गणपती बसलेले. पाहुणे मुक्कामाला. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला आणि अंबाझरीच्या भागात चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक कोसळला. तलाव आधीच भरलेला होता. सप्टेंबर अखेरीस तो भरलेलाच असायचा. बांध फुटला नाही, हे आधी सांगितले पाहिजे. पाणी सांडव्यावरून आले, म्हणजे जिथून यायचे तिथूनच आले. पण सांडव्याखाली नाग नदीला जागा उरली नव्हती. अरुंद पूल, गाळाने उथळ झालेले पात्र, पात्रावर चढलेली बांधकामे. अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांत लोक झोपेतून उठले ते पाण्यात पाय टाकूनच. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्यांना उचलून गच्चीवर न्यावे लागले. लष्कराच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या. शहरात किमान चार माणसे गेली. हजारो घरांत चिखल शिरला. महालक्ष्म्यांचे मुखवटे, तांदळाच्या कोठ्या, पोरांची दप्तरे, सगळे एकाच रंगाचे झाले.

नंतर जे झाले ते नागपूरकरांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे. सांडव्यासमोर उभा केलेला स्वामी विवेकानंदांचा पुतळा पाण्याच्या वाटेत येतो का, यावर वाद झाला. रहिवासी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. पूल नव्याने बांधायचे, पात्र मोकळे करायचे, बांध बळकट करायचा आणि सांडव्यावर दरवाजे बसवायचे ठरले. मला यातल्या दरवाज्यांबद्दल बोलायचे आहे. उघडा सांडवा मुका असतो, पण तो कुणाची वाट पाहत नाही. पाणी पातळीला आले की आपोआप वाहते. दरवाजा हा सांडव्यापेक्षा हुशार, पण परावलंबी. तो उघडायला रात्री दोन वाजता तिथे माणूस लागतो. त्या माणसाला उघड म्हणून सांगणारा अधिकारी जागा लागतो. वीज गेली तर जनित्र चालू व्हावे लागते, खाचांत वंगण असावे लागते, आणि खालच्या वस्तीत भोंगा ऐकू जावा लागतो. दरवाजे नकोत असे मी म्हणत नाही. पण ज्या बांधावरून झुडपे कापायला माणूस मिळाला नाही, त्यावर यंत्र बसवताना माणसाची तरतूद आधी करा.

लहान धरण म्हणजे लहान धोका, हा समज महाराष्ट्राला महाग पडला आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, पुणे बुडाले, ते आपल्या पिढ्यांना पाठ आहे. पण २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे फुटले तेव्हा त्या धरणाचे नाव तालुक्याबाहेर कुणी ऐकलेले नव्हते. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांवर बोट ठेवले आणि सारे राज्य हसले. हसताना एक गोष्ट निसटली. खेकडे बांधात बिळे करतातच, घुशीही करतात, वाळवीही करते. म्हणून तर बांधावर माणूस ठेवायचा असतो. प्रश्न खेकड्याला विचारायचा नव्हता, बीळ दिसल्यावर फांदी रोवणारा माणूस कुठे गेला हा होता.

तिवऱ्यानंतर दोन वर्षांनी धरण सुरक्षितता कायदा आला आणि ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. कायदा चांगला आहे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाहणी, आणीबाणीचा कृती आराखडा, मालकाची जबाबदारी, सगळे त्यात आहे. पण तो मोजतो उंची. पंधरा मीटरहून उंच धरण सरसकट त्यात येते. दहा ते पंधरा मीटरमधले काही अटींत बसले तर येते, उदाहरणार्थ लांबी पाचशे मीटर किंवा साठा दहा लाख घनमीटर. त्याखालची पाळ, पाझर तलाव, गावतळी कायद्याच्या बाहेर. पायथ्याशी शेत आहे की झोपडपट्टी, यावरून धरणाला कायद्यात जागा मिळत नाही. भंडाऱ्यातल्या कितीतरी पाळींखाली आज टोल्या वाढून गावे झाली आहेत.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. धरण कायद्यात बसो न बसो, ज्या संस्थेच्या नावावर बांध आहे, मग ती महापालिका असो, जिल्हा परिषद असो की ग्रामपंचायत, तिने दर मे आणि दर नोव्हेंबर महिन्यात बांध पायी चालून पाहावा, पाहणाऱ्याने सही करावी, आणि तो कागद बांधावरच फलकाला लावावा. पायथ्याचे पाणी नितळ होते की गढूळ, सांडव्याची वाट मोकळी होती की नाही, झुडपे कापली की नाही, बिळे बुजवली की नाही. चार ओळी पुरतात. त्याला निविदा लागत नाही, सल्लागार लागत नाही.

आणि जे अशा बांधाखाली राहतात त्यांनी हा कागद मागावा. पाणी प्यायचे असते तेव्हा आपण नळावर भांडतो. ते डोक्यावर उभे असते तेव्हाही भांडायला हवे, आणि ते जूनच्या आधी.